जिंकलेली टीम मार्चमध्ये का मोडते?

प्रश्न : सर, माझा मुलगा नोकरीसाठी फिलाडेल्फियाजवळ राहतो. लहानपणी लेले मैदानावर फुटबॉल खेळायचा, आता तिकडचा तो चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल बघतो. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांची टीम जिंकली तेव्हा सोमवारी सकाळी आमच्या चहाच्या वेळेला त्याचा फोन आला, नुसता ओरडत होता. महिन्याभरात पुन्हा फोन, आवाज पडलेला. जिंकून देणारी पोरंच दुसऱ्या संघात गेली म्हणाला. का, तर ‘कॅपमुळे’. दर मार्चला हेच ऐकते. मालक एवढे गडगंज असताना जिंकून दिलेल्या मुलांना ठेवून का घेत नाहीत?
– एक आई, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ताई, तुमच्या मुलानं कारण बरोबर सांगितलंय, पण अर्धंच. कॅपमुळे टीम मोडते हे खरं. मात्र ती मार्चमध्ये मोडत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी करारावर सह्या झाल्या, त्याच दिवशी ते ठरलेलं असतं. मार्चमध्ये नुसती मुदत भरते.

आधी नियम समजून घ्या. एनएफएल म्हणजे त्या फुटबॉलची लीग, तिच्यात ३२ संघ आहेत. १९९४ पासून प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा घालून दिलेली आहे, तीच सॅलरी कॅप. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. मालकाच्या तिजोरीत किती आहे याच्याशी तिचा काही संबंध नाही, श्रीमंत शहर असो की लहान, आकडा सगळ्यांना एकच. आणि हा आकडा कुणी मनाला येईल तसा ठरवत नाही. खेळाडूंच्या संघटनेबरोबर २०२० मध्ये झालेल्या कराराप्रमाणे लीगच्या उत्पन्नातला निदान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, त्यावरून मर्यादा निघते. कोरोनात मैदानं रिकामी राहिली, तेव्हा २०२१ मध्ये ती १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली आणि त्या मार्चमध्ये कितीतरी संघांना नावाजलेली माणसं सोडावी लागली.

आता तुमच्या मुलाच्या संघाकडे, ईगल्सकडे या. ९ फेब्रुवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात त्यांनी कॅन्सस सिटीला ४०–२२ असं हरवलं. समोर पॅट्रिक महोम्स, त्या खेळातला आजचा सगळ्यात नावाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू. त्याला त्या दिवशी सहा वेळा चेंडूसकट खाली पाडलं. त्यातला अडीचचा वाटा जॉश स्वेटचा, दोनचा मिल्टन विल्यम्सचा (दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा धरतात). सामना या दोघांनी दाबून धरला होता. आणि मार्चमध्ये दोघंही गेले. स्वेट ॲरिझोनाला, ४ वर्षांचे ७ कोटी ६४ लाख डॉलर. विल्यम्स न्यू इंग्लंडला, ४ वर्षांचे १० कोटी ४० लाख. अनुभवी डॅरियस स्लेला सोडलं, गार्डनर-जॉन्सनला ह्यूस्टनला देऊन टाकलं, पुढच्या फळीतला बेक्टन लॉस एंजेलिसला गेला. पोराचा आवाज पडला तो काही उगाच नाही.

पण विल्यम्सचं बघा. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या नवख्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीनं केलेली निवड. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत ईगल्सनं त्याला घेतलं. ड्राफ्टमधून आलेल्या नवख्याचा करार चार वर्षांचा असतो आणि पगार जवळजवळ ठरलेला, घासाघीस करायला फारशी जागाच नसते. म्हणजे ही चार वर्षं खेळाडू संघाला स्वस्तात मिळतो. २०२४ चा हंगाम हा त्याचा चौथा. त्याच हंगामात तो उत्तम खेळला आणि त्याच्या शेवटी मोकळा झाला. पगाराच्या बाजारात त्याला पहिल्यांदाच उभं राहता आलं. दहा कोटी डॉलर समोर असताना त्यानं थांबावं, असं मी तरी म्हणणार नाही. त्या खेळात गुडघा एकदा गेला की सगळं गेलं, आणि आयुष्यात असा मार्च बहुतेकांना एकदाच मिळतो. जाणाऱ्या पोराला गद्दार म्हणू नका, एवढं मुलाला माझ्याकडून जरूर सांगा.

मग ईगल्सनं तेवढे पैसे का दिले नाहीत? कारण तेवढीच जागा आणखी कुणाकुणाला हवी होती. जेलन हर्ट्स या क्वार्टरबॅकला २०२३ मध्येच ५ वर्षांसाठी २५ कोटी ५० लाखांचा करार दिलेला. झॅक बॉनला त्याच मार्चमध्ये ३ वर्षांसाठी ५ कोटी १० लाख देऊन थांबवलं, सेक्वान बार्कलीचा करार वाढवला. विल्यम्सच्या जागेवर मात्र जेलन कार्टर आणि जॉर्डन डेव्हिस आधीपासून होते, दोघंही पहिल्या फेरीतले आणि अजून नवख्याच्या करारावरचे. त्यांच्या मागे मोरो ओजोमो, २०२३ च्या सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत घेतलेला. विल्यम्स गेला आणि २०२५ मध्ये ओजोमोला भरपूर खेळायला मिळालं. ईगल्सचे व्यवस्थापक हॉवी रोझमन हेच काम वर्षानुवर्षं करत आलेत : कुणाचा करार कधी संपतो ते बघायचं आणि त्याच्या दोन वर्षं आधी त्याच्या मागे माणूस उभा करायचा.

‘डेड मनी’ हा शब्दही तुम्ही फोनवर ऐकला असणार, तो आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला चटकन कळेल. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी उचल देतात, ती पुढे कामातून वळती होते. खेळाडूला सहीच्या वेळी मिळणारा बोनस तसाच. समजा ५ वर्षांचा करार आणि ५ कोटी डॉलर बोनस. पैसे त्याच्या खात्यात लगेच जमा, पण कॅपच्या वहीत वर्षाला १ कोटी लिहायचे. दोन वर्षांनी त्याला सोडला तर उरलेले ३ कोटी एकदम वहीत येऊन पडतात, माणूस मैदानावर नसताना. फरक इतकाच की उचलीचा मुकादम वसुलीला दारात येतो, इथं खेळाडूकडे कुणी काही मागत नाही. भोगतो तो संघ. १ जूननंतर सोडला तर हा बोजा दोन वर्षांत विभागता येतो. ईगल्ससारखे संघ करारापुढे नुसती कागदावरची वर्षंही जोडतात, खेळाडू त्या वर्षी खेळणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. बोनस जास्त वर्षांवर पसरावा म्हणून ती जोडायची. आजची जागा मोकळी होते, पण ती उद्याच्या जागेतून काढलेली असते.

याचं मोठं उदाहरण डेन्व्हरचं. रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला त्यांनी २०२२ मध्ये प्रचंड करार दिला आणि २०२४ च्या मार्चमध्ये सोडून दिलं. साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांच्या वहीत बसला. सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं होतं. त्यांनी ड्राफ्टमधून बो निक्सला आणलं, नवख्याच्या पगारावर, आणि त्याच हंगामात १० सामने जिंकून प्लेऑफ म्हणजे बाद फेरी गाठली. २०१५ च्या हंगामानंतर पहिल्यांदाच.

कॅन्सस सिटीची गोष्ट तर तुमच्या मुलाला टोचेल. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांनी टायरीक हिल हा वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू मायामीला दिला आणि बदल्यात ड्राफ्टचे पाच हक्क घेतले. लोक म्हणाले, संपली ही टीम. पुढच्या दोन्ही हंगामांत विजेतेपद त्यांचंच, आणि त्यातलं पहिलं फिलाडेल्फियालाच ३८–३५ हरवून.

तेव्हा ताई, पुढच्या मार्चला फोन आला की मुलाला विचारा, ‘गेला त्याच्या मागे कोण आहे आणि त्याचा करार कधीपर्यंत आहे?’ तो तासभर बोलत बसेल. आणखी एक सांगा : मोकळे झालेले खेळाडू संघानं आणले त्यापेक्षा जास्त गमावले, तर पुढच्या ड्राफ्टमध्ये लीग भरपाईचे जादा हक्क देते, एका संघाला जास्तीत जास्त चार. एवढी माणसं जाऊनही ईगल्सनं २०२५ मध्ये आपला गट पुन्हा जिंकला. त्या गटात लागोपाठ दोनदा पहिलं येणं २००४ नंतर कुणाला जमलं नव्हतं.

प्रश्न : एका खेळाडूला जबरदस्तीनं थांबवता येतं असं वाचलं. खरं का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : खरं आहे. त्याला फ्रँचायझी टॅग म्हणतात. करार संपलेल्या एकाच खेळाडूला संघ वर्षभर अडवून ठेवू शकतो, पण त्याच्या जागेवरच्या सर्वात महागड्या पाच खेळाडूंच्या साधारण सरासरीइतका पगार मोजून. तो सगळा पगार त्याच वर्षीच्या कॅपमध्ये धरतात, पसरता येत नाही. खेळाडूंना हा टॅग आवडत नाही आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. चार वर्षं स्वस्तात खेळलेल्या माणसाला पाचव्या वर्षी लांबचा करार मिळायला हवा.

प्रश्न : सर, मी कॉलेजला आहे, एफसी गोवाचा कट्टर. २०२० मध्ये आमचा प्रशिक्षक लोबेरा गेला आणि त्याच्यामागे आमची अख्खी टीम मुंबईला गेली, ते अजून विसरता येत नाही. आपल्याकडे पण कॅप आहे ना? मग हे झालं कसं? आणि बेळगावच्या पोरानं गोव्याला सपोर्ट करावा की बेंगळुरूला, यावरून आमच्यात भांडणं होतात.
– एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. खानापूरहून लोंढ्याला जाऊन रेल्वेत बसलास की घाट उतरून मडगाव, आणि फातोर्ड्याचं मैदान तिथंच. ज्या मैदानावर तुला जाता येतं ते तुझं. बेंगळुरूवाल्यांशी भांडू नकोस, तेही आपलेच.

आता २०२०. २०१९–२० च्या हंगामात गोवा साखळीत पहिला आला, लीग शील्ड जिंकली, आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पण हंगाम संपायच्या आधीच, जानेवारीच्या अखेरीस, सर्जिओ लोबेराला काढलं होतं. ते मुंबई सिटीत गेले आणि मोर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमू आणि आपला मंदार राव देसाई, सगळे त्यांच्यामागे गेले. गोल करणारा कोरोही गोवा सोडून गेला, पण मुंबईला नाही. मंदार तर २०१४ पासूनचा, म्हापशाचा मुलगा. तुला सगळ्यात जास्त तोच लागला असणार, मलाही लागला.

आयएसएल या आपल्या लीगमध्ये कॅप होती, त्या सुमारास साडेसोळा कोटी रुपये. पण अमेरिकेतल्या कॅपमध्ये आणि तिच्यात एक मोठा फरक आहे. तिकडे ड्राफ्ट आहे, खालच्या संघाला चांगल्या नवख्यावर पहिला हक्क मिळतो आणि माणसं गमावली तर भरपाई मिळते. आपल्याकडे करार संपला की खेळाडू मोकळा आणि संघाच्या हाती काही नाही. कॅपनं खर्चाला लगाम बसतो, मोडलेली टीम उभी करायला ती मदत करत नाही. शिवाय खेळाडू पैशासाठी जातात तसे प्रशिक्षकासाठीही जातात. ज्याच्या हाताखाली खेळ फुलला, त्याच्या मागे माणूस जातो. प्रशिक्षकाचा विश्वास कुठल्याच कॅपमध्ये मोजत नाहीत, आणि लोबेराला मध्येच काढण्याची खरी किंमत ती होती असं माझं मत आहे.

परिणाम तुला पाठच आहे. २०२०–२१ च्या उपांत्य फेरीत गोव्यासमोर मुंबईच आली, दोन सामन्यांत निकाल लागला नाही, पेनल्टीवर ६–५ असा मुंबईनं काढला. शील्ड त्यांनी आधीच घेतली होती, पुढे विजेतेपदही त्यांचंच. पण त्याच मोडक्या म्हटलेल्या गोव्याकडे बघ. हुआन फेरांदो आले, इगोर अंगुलोनं १४ गोल केले, सेव्हियर गामा आणि प्रिन्स्टन रिबेलोसारखी क्लबच्या खालच्या संघातून आलेली मुलं मैदानात उतरली. एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्यावर, प्रेक्षकांविना, कतारच्या अल रय्यानला गोव्यानं ०–० रोखलं. समोरच्या बाकावर प्रशिक्षक लॉरां ब्लां, १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला माणूस. गोव्याच्या गोलात विशीतला धीरज सिंग. त्या सामन्यातले त्याचे हात पुन्हा बघ : चेंडू पकडता येत नाही असं दिसताच तो मध्ये न ढकलता बाजूला, गोलपोस्टच्या बाहेर काढतो. गोलकीपरला मी पहिल्यांदा हेच शिकवतो.

कॅपबद्दल एकच सांगायचं राहिलं. कॅप शेवटी उत्पन्नावरच उभी असते. उत्पन्नच डळमळलं तर कॅपचा आकडा नुसता कागदावर राहतो. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा हंगाम अडला, कारण लीग चालवण्याचा १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. क्लबांना खेळाडूंचे पगार कशाच्या भरवशावर ठरवावेत हेच कळेना. त्या महिन्यांत खेळाडूंनी जे सोसलं ते कुठल्याही कॅपपेक्षा वाईट होतं. तरी गोव्यानं त्या हंगामात आशियाई स्पर्धेत, फातोर्ड्यावर, सौदीच्या अल नस्रसमोर १–२ अशी झुंज दिली आणि गोल ब्रायसन फर्नांडिसचा, गोव्याच्याच मुलाचा.

प्रश्न : शहापुरात आम्ही मुलांचा संघ चालवतो. दहावी-बारावीची पाच मुलं यंदा शिक्षणासाठी पुण्याला आणि गोव्याला चाललीत, त्यात गोलकीपर आणि बचावाच्या मधले दोघं, दोन्ही सेंटर बॅक. वर्गणी देणाऱ्यांनी या वेळी हात आखडता घेतलाय. स्पर्धेपुरते बाहेरचे दोन-तीन खेळाडू मानधन देऊन आणावेत असं काहींचं म्हणणं आहे. काय करावं?
– संघाचे प्रशिक्षक, शहापूर

उत्तर : दादा, आणू नका. तुमच्याकडे जे काही पैसे आहेत तीच तुमची कॅप. ते दोन रविवारांत पाहुण्यांवर संपले तर जूनमध्ये बूट आणि चेंडू कशातून घेणार? आणि आठवीतला जो मुलगा बाकावर बसून आपली पाळी कधी येईल याची वाट बघतोय, त्याला त्या रविवारी काय सांगणार?

तुमची अडचण पाच मुलं गेली ही नाही. पाचही मुलं एकाच वर्षी गेली, ही आहे. म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वी एकच बॅच उभी केली, तिच्यावर जिंकत राहिलात आणि मागे कुणी आलं नाही. आमच्याकडच्या बहुतेक संघांचं असंच होतं, कारण दहावीच्या मुलांना घेऊन करंडक जिंकता येतो आणि सातवीच्यांना घेऊन येत नाही. आजच एका कागदावर सगळ्या मुलांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे त्याची बारावी कुठल्या वर्षी होणार ते लिहा. एका जागेवर एकाच वर्षी जाणारी दोन मुलं दिसली की त्यातल्या एकाच्या मागे दोन वर्षांनी लहान मुलगा आत्ताच उभा करायचा.

उभा करायचा म्हणजे खरोखर उभा. जाणारे सेंटर बॅक अजून दोन-तीन महिने इथं आहेत. सरावाच्या सामन्यात लहान मुलाला त्या जागेवर खेळवा आणि मोठ्याला चेंडूला हात-पाय न लावता त्याच्या मागे चार पावलांवर ठेवा. त्यानं फक्त बोलायचं. ‘डावीकडं बघ.’ ‘आत्ता नको, थांब.’ ‘तो मोकळा आहे, जा.’ आमच्या मैदानावर हे मराठीत सुरू होतं, मध्येच कन्नड येतं, कॅम्पातल्या मुलांचं हिंदी येतं, सगळ्यांना सगळं कळतं. पहिल्या आठवड्यात लहान मुलगा प्रत्येक वेळी मान वळवून मागे बघतो. नंतर तो मागे बघायचं सोडतो आणि आवाज यायच्या आधी पाऊल टाकतो. तेव्हा मोठ्याला गप्प राहायला सांगा आणि पुढचा सराव सामना मैदानाबाहेरून बघू द्या.

गोलकीपरचं याहून कठीण आहे, ती जागा लहान वयात कुणाला नको असते. उंची बघू नका. चेंडू तोंडावर येताना जो मुलगा डोळे मिटत नाही तो निवडा. हातमोजे चांगले घ्या, तिथं पैसे वाचवू नका.

दुसरं काम कागदाचं. मुलांची नोंदणी जिल्हा संघटनेमार्फत एआयएफएफ म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेत करून घ्या. लहान संघ हे टाळतात. उद्या तुमचा एखादा मुलगा मोठ्या क्लबात गेला तर तो कुठं शिकला याचा पुरावा त्या नोंदीतच असतो. फिफाच्या नियमानं खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटतात. शहापूरच्या मुलाला तिथवर पोचायला खूप मजल मारायची आहे, हे मलाही कळतं. पण नोंदच नसली तर पोचलेल्याचंही काही मिळणार नाही.

आणि वर्गणीदारांकडे जाताना मागच्या वर्षीचा करंडक घेऊन जाऊ नका. तो नावं आणि वर्षं लिहिलेला कागद घेऊन जा. अमुक मुलगा २०२९ पर्यंत आमच्याकडे आहे, त्याच्या बुटांचा आणि सकाळच्या अंडी-दुधाचा खर्च तुम्ही उचला, असं एकेका मुलामागे मागा. जाणाऱ्या पाचही जणांना त्याच बैठकीला बोलवा. पुण्याला गेलेला मुलगा दिवाळीत आणि मे महिन्यात घरी येतोच, तेव्हा आठवडाभर सकाळी सातला मैदानावर यायचं, हे त्याच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या.